किल्ला विरुद्ध खोकं : खुनी खेळण्यांच्या सिनेमाच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आमच्या दोन जुन्या शॉर्टफिल्म आहेत. एकीत दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे छोट्या बाहुल्या, रात्री उठून वाड्याची राखण करतात. दुसरीत माळ्यावरच्या खोक्यातली सेलवरची खेळणी एकेका भाडेकरूला संपवतात. आता या दोन टोळ्यांची एकाच वाड्यात गाठ घालायची आहे. लांबी अठरा-वीस मिनिटं, खर्च पंधरा हजारांच्या आत, कॅमेरा उसना. वाडा मावशीचा, पुण्यात शनिवार पेठेतला. तो पुनर्विकासाला गेलाय आणि डिसेंबरअखेर रिकामा करायचाय, त्यामुळे शूटिंगची शेवटची तारीख बिल्डरनेच ठरवून दिली आहे.

खेळण्यांशी खेळणी झुंजवण्याचा उद्योग अमेरिकेत आधीच होऊन गेलाय. खुनी बाहुल्यांचा ‘पपेट मास्टर’ १९८९चा, खुनी खेळण्यांचा ‘डेमॉनिक टॉइज’ १९९२चा, आणि २००४ साली साय-फाय वाहिनीसाठी दोघांना एकमेकांवर सोडलं. त्याआधी १९९३ मध्ये ‘डॉलमन व्हर्सेस डेमॉनिक टॉइज’ आला होता. जेमतेम तासाभराचा, आणि त्यातही आधीच्या सिनेमांचे तुकडे भरलेले. लोक त्याला नावं ठेवतात. मला तो कारभार शहाणपणाचा वाटतो. आम्हीही पहिली दोन मिनिटं जुन्या फिल्ममधूनच उचलणार आहोत.

त्याच १९९३ साली आपल्याकडे ‘झपाटलेला’ आला. तिथे एकच बाहुला, समोर माणसं, त्यामुळे कोण केवढा हे प्रेक्षकाला आपोआप कळतं. आमच्याकडे बाहुला विरुद्ध बाहुला. किल्ल्यावरची चार इंची गवळण आणि खोक्यातलं नऊ इंची माकड एका फ्रेममध्ये कसे आणायचे, याचं उत्तर आत्ता कुणाकडेच नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

किल्ल्याची चित्रं दिवाळी सरल्यावर घ्यायची असं ठरवूनच थांबलो होतो. कसब्यातल्या कुंभारवाड्यात उरलेला माल निम्म्या भावात मिळाला. गवळणी, भाजीवाली, वासुदेव, शेतकरी, दोन वाघ, एक तोफ. प्रत्येकाचे तीन-तीन नग, कारण फुटणार हे नक्की. सगळे मिळून ६५० रुपये.

मावळे आणि महाराज घेतले नाहीत. मावशीने आधीच बजावलं होतं, “महाराजांसमोर हा आचरटपणा चालायचा नाही.” मला तर कथेच्या दृष्टीनेही ते बरंच वाटलं. मावळे असते तर लढाई त्यांनीच केली असती. आता डोक्यावर तीन हंडे असलेल्या गवळणीला लढावं लागेल.

घरी येऊन भोकं पाडायला बसलो. मान आणि खांदे हलायचे तर चित्राचे तुकडे करून आत ॲल्युमिनियमची तार घालावी लागते. भाजलेल्या मातीची चित्रं ड्रिल लावताच तडकली. पीओपीची मात्र मुकाट्याने भोक पाडून घेतात. फरक ओळखायला नखाने रंग खरवडायचा. आत पांढरं दिसलं तर पीओपी, तांबूस दिसलं तर माती. हे दुकानातच करायला हवं. भाजलेल्या मातीचे जे नग आले ते आता रणांगणावरचे मृत म्हणून वापरणार.

मान जोडायला एम-सील लावून पाहिलं, पण ते कडक होतं आणि मान हलतच नाही. एम-सील फक्त तारेची टोकं धडात आणि डोक्यात पक्की करायला लावायचं, मधला अर्धा सेंटिमीटर तार उघडी ठेवायची आणि ती मुलांच्या खेळायच्या क्लेने झाकायची. गवळणीच्या गळ्यात क्लेचीच माळ घातली, म्हणजे सांधा दिसत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वाड्याच्या चौकात किल्ला उभा केला. विटा, गोणपाट, तांबडी माती. मधल्या चढावर हळीव पेरलं, लहानपणी पेरायचो तसंच. मागच्या भिंतीवर काळं कापड. चौकाला वरून उजेड येतो, तो ताडपत्रीने बंद केला. बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, असं आमचं फ्रेम-बाय-फ्रेम काम. दिवसभर ऊन सरकत राहिलं तर ते होत नाही. सूर्य तासाला किती सरकतो ते एरवी लक्षात येत नाही, पण तासाभराचं काम पाच सेकंदांत पाहिलं की सावल्या सरसर पळताना दिसतात.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी. गवळण किल्ल्यावरून उतरते, सहा सेकंद. सेकंदाला बारा फोटो घेतले आणि प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरला. चोवीसच्या चोवीस काढण्यात अर्थ नाही. वेळ दुप्पट जातो आणि हालचाल इतकी गुळगुळीत होते की खेळण्याची गंमतच जाते.

पाहिलं तर दोन भानगडी. एक म्हणजे पडद्यावरचं चित्र सारखं उजळतंय, काळवंडतंय, ट्यूबलाइट बिघडल्यासारखं. दुसरी म्हणजे गवळण सोडून मागचं सगळं हिरवं रान वळवळतंय. हळीव! सकाळी अंकुर एका बाजूला झुकलेले होते, दिवसभर दिव्याकडे वळत गेले, आणि शेवटच्या तासात दिव्याच्या उष्णतेने माना टाकल्या.

हळीव काढून टाकलं. त्याजागी सुतारकामाचा भुसा हिरव्या पावडर रंगात बुडवून, वाळवून पसरला. एक वाफा मात्र मुद्दाम ठेवलाय. खोकं पहिल्यांदा उघडतं तेव्हा किल्ल्याचं गवत त्या दिशेला वळतं, असा शॉट कथेत घातला. त्याला कष्ट शून्य. कॅमेरा लावून दर दोन मिनिटांनी एक फोटो, बाकी काम हळीव करतं.

उजळण्याचं खापर आम्ही पेठेतल्या व्होल्टेजवर फोडलं. संध्याकाळी आसपासची गिझर-मोटार सुरू होते तेव्हा दिवे मंदावतात हे डोळ्यांनी दिसत होतं. लगोलग स्टॅबिलायझर आणला, १८५० रुपये.

१३ नोव्हेंबर, बुधवार

स्टॅबिलायझर लावूनही उजळणं तसंच. मग आमच्या कॅमेरावाल्याने एक सोपी चाचणी केली. बाहुली नाही, हालचाल नाही, भिंतीचे सलग फोटो, आधी एफ ११ वर, म्हणजे लेन्सचं भोक बरंच मिटवून, आणि मग लेन्स पूर्ण उघडी ठेवून. उघड्या लेन्सवर उजळणं गायब! दोष विजेचा नव्हताच. आजच्या लेन्समधल्या पाकळ्या दर फोटोला मिटतात आणि पुन्हा उघडतात, आणि दर वेळी केसभर कमीजास्त मिटतात. एका फोटोत ते कळत नाही, ओळीने पाहिले की फडफडतात. स्टॅबिलायझर आता मावशीच्या फ्रिजला लावलाय.

यावर उपाय दोन. जुनी, हाताने एफ बदलायची लेन्स वापरायची, तिच्या पाकळ्या लावल्या तिथेच राहतात. किंवा नव्या लेन्सवर एफ ठरवून, डेप्थ ऑफ फील्डचं (पाकळ्या आधीच मिटवून दाखवणारं) बटण दाबून धरत लेन्स किंचित फिरवून सैल करायची, म्हणजे कॅमेऱ्याशी संपर्क तुटतो आणि पाकळ्या त्याच जागी अडकून राहतात. आमच्या कॅननवर हे चालतं. लेन्स अर्धवट लटकलेली असते, तेव्हा खाली उशी ठेवायची.

बुधवार असल्यामुळे जुना बाजार भरला होता. तिथे एक सोव्हिएत बनावटीची ५८ मिमीची हेलिओस लेन्स मिळाली, १२०० रुपयांना. आत कडेला थोडी बुरशी आहे, भयपटाला चालेल. कॅमेऱ्यावर बसवायची रिंग ६५०. चाचणी घेतली, फडफड नाही. दिवसाचा उत्तम भाग हाच.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मूळ दुखण्याला हात घातला.

खोक्याच्या टोळीचा म्होरक्या म्हणजे झांजा वाजवणारं माकड. सेल घातले की स्वतःच हलतं, तेही अंगावर काटा येईल असं. आधीच्या फिल्ममध्ये त्याला सरळ व्हिडिओवर घेतलं होतं. गवळण मात्र फोटो-फोटोने चालते. दोघांना वेगळं शूट करून एकत्र जोडून पाहिलं, आणि पाच सेकंदांत कळलं की हे दोन निराळ्या जगांतले जीव आहेत. माकडाच्या हालचालीत फिकट धूसरपणा असतो, कारण फोटो निघताना ते हलत असतं. गवळण प्रत्येक फोटोत काचेसारखी स्वच्छ. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण खटकणार.

‘पपेट मास्टर’मध्ये बाहुल्या हलवण्याचं काम बघणाऱ्या डेव्हिड ॲलनच्या मंडळींनी काठीवरच्या बाहुल्या आणि स्टॉप मोशन (आमच्या गवळणीसारखं फोटो-फोटोने हलवणं) दोन्ही वापरलं, पण तिथे समोर बहुतेक वेळा माणूस होता. आम्ही निर्णय घेतला की ज्या शॉटमध्ये दोघे एकत्र, तिथे माकडानेही फोटो-फोटोनेच हलायचं. त्यासाठी दुसरं माकड आणून त्याचं पोट उघडलं, गिअर काढले आणि हातांत तार भरली. एका माकडात जीव आहे, दुसऱ्यात नाही. जिवंत माकड एकट्याच्या शॉटला, मेलेलं मारामारीला.

यात एक लाभ पदरात पडला. फोटोच्या वेळी काहीच हलत नसल्याने शटर एक सेकंदभर उघडं ठेवता येतं. म्हणजे भोक आणखी लहान, एफ १६, त्याने जवळचं-लांबचं जास्त स्पष्ट येतं; आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) कमी, १००; आणि दिवे साधे, तपकीर गल्लीतून आणलेल्या एलईडी पट्ट्यांचे. व्हिडिओवर एफ १६ ला लग्नाच्या मांडवाइतके दिवे लागले असते.

आता आकार. गवळण चार इंच, माकड नऊ. दोघं सारखी दिसायची असतील तर कॅमेऱ्यापासूनचं अंतरही चारास नऊ हवं. गवळण ४० सेंटिमीटरवर, माकड ९० वर. हेलिओस लावली, एफ १६ वरसुद्धा पाच-सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात काय ते स्पष्ट, दोघांपैकी एकही त्यात नाही. हेलिओससारख्या लांब लेन्सवर हे होणारच नाही. मग कॅमेऱ्याबरोबर येते ती साधी १८-५५ मिमीची लेन्स लावली, १८ वर, एफ १६, फोकस साधारण ५५ सेंटिमीटरवर. दोघंही स्पष्ट. पाकळ्यांसाठी ती लेन्स सैल करण्याची युक्ती. एफ ११ वरही करून पाहिलं, माकडाचे डोळे किंचित मऊ पडतात.

फरशीने मात्र चहाडी केली. शहाबादीचे सांधे सरळ मागे पळताना दिसले की कोण जवळ आणि कोण लांब ते लगेच उघडं पडतं. कॅमेरा जमिनीला टेकवला, सांध्यांवर तांबडी माती पसरली. सावल्याही वेगळ्या पडतात. त्यासाठी पुठ्ठ्याची खोटी सावली कापली. आणि नजर! गवळणीला माकडाकडे मागे वळून बघायला लावलं तर दृश्य कोसळतं. तिने काटकोनात शेजारी बघायचं, जणू तो तिथेच उभा आहे. मारामारीचा आख्खा शॉट नजर चुकीची म्हणून पुन्हा करावा लागला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आवाज. गेले पंधरा दिवस गल्लीत प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या, दिवसा एक सेकंदही शांत मिळत नव्हता. आज संध्याकाळी प्रचार थांबला आणि रात्री पहिल्यांदा झांजा नीट रेकॉर्ड झाल्या. माकडावर दुलई टाकून एकदा, उघडं ठेवून एकदा. दुलईतला आवाज माळ्यावरच्या खोक्यासाठी.

खोक्यातल्या बोलक्या बाहुलीच्या आवाजाचा शोध अपघाताने लागला. तिचे सेल उतरले होते. बटण दाबलं तर नेहमीच्या किनऱ्या आवाजाऐवजी जाड, ओढत ओढत येणारं गाणं ऐकू आलं, मधेच अडखळणारं. नवे सेल घातल्यावर सगळी भीती गेली. आता अर्धमेल्या सेलांचा एक डबा केलाय आणि त्यावर “टाकू नये” लिहिलंय. पण ते गाणं एका गाजलेल्या सिनेमाचं आहे. हक्कांची कटकट नको म्हणून सूर वगळून फक्त घरघर वापरणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सगळे बोटाला शाई लावून सकाळी हजर. आज रक्त.

पहिलं रक्त साखरेच्या पाकाचं. एकतारी पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. कोकोशिवाय ते सरबतच दिसतं. कॅमेऱ्यात झकास आलं. जेवून परत आलो तर वासुदेवाच्या प्रेतावर मुंग्यांची रांग. स्टॉप मोशनमध्ये मुंगी म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी काळा ठिपका. शॉट गेला. वाळलेल्या भागात साखरेचे कण जमले ते वेगळंच.

दुसरं रक्त ग्लिसरीनचं. त्यात लाल पोस्टर कलर, थोडा तपकिरी. मुंग्या येत नाहीत, वाळत नाही, दिव्याखाली ओलं दिसत राहतं, पाण्याने निघतं. महाग पडतं, पण आमची माणसं चार इंची आहेत, त्यांच्यात रक्त असून असून किती असणार?

पहिल्या रक्ताचा डाग मात्र लाकडी उंबऱ्यात मुरला. लिंबू लावलं, सोडा लावला, फिकट झाला, गेला नाही. “अगं, पाडायचाच आहे ना वाडा,” असं माझ्या तोंडून निघून गेलं. मावशी म्हणाली, “पाडतील तेव्हा पाडतील. तोवर तो माझा उंबरा आहे.” संध्याकाळचा चहा आम्हीच केला.

१ डिसेंबर, रविवार

थंडी पडलीय. एम-सील एरवी तासा-दीड तासात घट्ट होतं, चौकात सकाळी लावलेलं दुपारपर्यंत चिकटच. लावून झाल्यावर चित्र दिव्याजवळ ठेवायचं, पण क्लेची माळ काढून. आमच्या भाजीवालीची माळ वितळून पोटावर आली.

प्रत्यक्ष अंगाला अंग भिडणारी मारामारी लांबच्या-जवळच्या युक्तीने होत नाही. तिथे दोघं एकाच जागी हवीत. आत्तेबहीण घरी शाडूचे गणपती करते, तिला साकडं घातलं. तिने कागदाच्या लगद्याची नऊ इंची गवळण करून दिली, रंगही हुबेहूब, पण हंडे तीनऐवजी चार. कुणाच्याही लक्षात आलं नाही. अर्धं शूट झाल्यावर भाच्याने दाखवून दिलं. चौथा हंडा माकडाच्या डोक्यात बसतो असं दृश्य घालून प्रश्न मिटवला. सिनेमातला सगळ्यात चांगला फटका तोच झालाय.

वाघाच्या उडीला तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) वापरला. तो दिव्यात चमकतो. पावडर लावून, वर मेणबत्तीचा काळा धूर दिला की दिसेनासा होतो. धूर लांबून. जवळ नेला की तुटतो.

१४ डिसेंबर, शनिवार

बोलक्या बाहुलीचे डोळे फिरवायला बुधवार पेठेतून दोन छोट्या सर्वो (ठरवलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या) मोटारी आणि त्या चालवायला एक आर्डुइनो, म्हणजे कोड घालता येणारा छोटा बोर्ड, आणला. डोळे फिरतात, पण स्थिर राहत नाहीत, सारखे थरथरतात. कोड तपासण्यात रात्र गेली. कोड बरोबर होता. मोटारींना वीज बोर्डातूनच दिली होती, ती अपुरी पडत होती. मोटारींना वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा, दोन्हीकडची ग्राउंड (ऋण) तार एकत्र, आणि पुरवठ्यावर वीज साठवून चढउतार सोसणारा एक ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर. थरथर थांबली.

मग सगळ्यांना ती थरथरणारी बाहुलीच आवडली होती असं निघालं. आता शेवटच्या दृश्यासाठी ती चुकीची जोडणी परत करणार आहोत.

२९ डिसेंबर, रविवार

वाड्यातलं शेवटचं शूट. माळा कालच रिकामा करून दिला, त्यामुळे खोकं परत जातं तो शॉट जिन्याखाली घेतला. उजेड कमी, धूळ खरी. जळणाऱ्या तोफेचा शॉट सोडून दिला. लाकडी वाडा, वर राहती बिऱ्हाडं, त्यात आग कशाला. त्याजागी तोफेच्या तोंडातून हळदीची चिमूट फुंकणीने उडवली. जवळून ती धुरापेक्षा बरी दिसते.

किल्ला मोडला. विटा शेजारच्यांनी कुंड्यांसाठी नेल्या.

१२ जानेवारी २०२५, रविवार

एडिट एकोणीस मिनिटांवर आलं होतं, आता साडेसोळा आहे. गवळणीच्या तोंडी “दुपारी एक ते चार मारामारी बंद राहील” असं वाक्य होतं, ते कापलं. पुण्याबाहेरच्यांना त्याचा कंटाळा आलाय, पुण्यातल्यांना राग येतो. जुन्या फिल्ममधले तुकडे रंगाने जुळत नव्हते, त्यांना काळं-पांढरं केलं आणि वासुदेवाची आठवण म्हणून खपवलं.

एकूण खर्च १४,३६० रुपये. त्यात सर्वांत मोठा आकडा वडापाव-चहा-जेवणाचा, ४,३००. हेच कुणाला करायचं असेल तर पैसे एकसारख्या चित्रांच्या जास्तीच्या नगांवर घाला. आमची गवळण शेवटच्या नगावर निभावली आणि तिचा डावा हात तिसऱ्या मिनिटानंतर भाजीवालीचा आहे. मोठं आणि छोटं खेळणं एकत्र घ्यायचं असेल तर कथा लिहिण्याआधी अंतराची आणि लेन्सची चाचणी घ्या. आम्ही ती मध्यावर घेतली, म्हणून मारामारीची दोन दृश्यं नुसती आवाजावर उरकावी लागली, दार बंद आणि आतून झांजा.

वाघाची उडी अजून लागत नाहीये, तंगूस एका फ्रेममध्ये दिसतो. तो पुसायचं काम भाच्याकडे दिलंय, दहावीची परीक्षा सांभाळून.